घोडी मिरजेत, आटे उद्यमनगरात

प्रश्न : आजोबांची गिटार माळ्यावर सापडली. साठच्या दशकात ते कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. वरची फळी व्हायोलिनसारखी फुगीर आहे, दोन्ही बाजूंना 'एफ'च्या आकाराची भोकं आहेत. आतलं लेबल फाटलंय, 'बुबेनरॉयथ' आणि 'जर्मनी' एवढंच वाचता येतं. तारा अडकवायची धातूची पट्टी बिजागरीपाशी तुटली आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा खालचा लाकडी पाय आहे, वरचा भाग नाही. खुंट्यांच्या दोन गुंड्यांचा चुरा झालाय आणि एक खुंटी घसरते. फळीवरची प्लॅस्टिकची पट्टी आकसून वाकडी झालीय, तिला कापरासारखा उग्र वास येतो. एका दुकानदारानं सांगितलं, साध्या गिटारीची घोडी फळीवर चिकटवू, भोकं मोठी करून नव्या सहा खुंट्या बसवू, दोन दिवसांत काम होईल. मन होत नाही. सुटे भाग कुठे मिळतील? परदेशातून काय मागवावं? – अ. शि., मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मन होत नाही ते योग्यच आहे. घोडी चिकटवायचा बेत तर आजच रद्द करा. साध्या, सपाट फळीच्या गिटारीत तारा घोडीतच अडकवलेल्या असतात आणि घोडीला वर ओढतात. म्हणून तिथे घोडी चिकटवतात आणि फळीच्या आतून तशा आडव्यातिडव्या पट्ट्या देतात. तुमची गिटार आर्चटॉप, म्हणजे फुगीर फळीची आहे. हिच्या तारा घोडीवरून पुढे जाऊन शेवटच्या धातूच्या पट्टीत, म्हणजे टेलपीसमध्ये अडकतात. घोडी फक्त तारांच्या दाबानं उभी राहते आणि फळीला खाली दाबते. आतल्या पट्ट्या त्या दाबासाठी बसवलेल्या असतात, ओढीसाठी नाही. चिकटवलेली घोडी काही महिन्यांत एक तर उखडेल, नाही तर फळी घेऊनच वर येईल. खुंट्यांची भोकं मोठी करण्याचंही तेच. लाकूड एकदा गेलं की परत येत नाही.

आता सुट्या भागांचं. सध्या काहीही विकत घेऊ नका. आधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर), ६० सेंटिमीटरची सरळ स्टीलची पट्टी आणि एक वही घ्या. जुन्या आर्चटॉपचे भाग कंपनीच्या नावानं शोधणारे बहुतेक फसतात, कारण त्याच कंपनीनं दर दोन-चार वर्षांनी भाग बदललेले असतात. भाग जुळतो तो मापानं.

लेबलवरून कळतं ते एवढंच : दुसऱ्या महायुद्धानंतर शोनबाखहून, म्हणजे आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या लुबी गावातून, हाकलले गेलेले जर्मन वाद्यकार बव्हेरियातल्या बुबेनरॉयथला येऊन वसले. १८८७ मध्ये शोनबाखला सुरू झालेली हॉफनर ही वाद्यांची कंपनी त्यांच्यातलीच. म्हणजे तुमची गिटार साधारण १९५० नंतरची आहे. पण बुबेनरॉयथ म्हणजे हॉफनरच असं नाही, तिथे फ्रामुसही होती आणि बरेच छोटे कारागीरही. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे दांड्यावरच्या बोटं ठेवायच्या लाकडी पट्टीच्या वरच्या टोकाला, तारा वेगळ्या ठेवणाऱ्या खाचांच्या पट्टीला लागूनच एक जादा फ्रेट (धातूची आडवी बारीक कड) आहे का बघा. त्याला झिरो फ्रेट म्हणतात. जर्मन गिटारींमध्ये तो सर्रास असतो, आणि पुढच्या सगळ्या मापांवर त्याचा परिणाम होतो.

पहिलं माप नेकचं, म्हणजे गिटारीच्या दांड्याचं. स्टीलची पट्टी फ्रेटांवर मधोमध उभी ठेवा, टोक घोडीच्या जागेपर्यंत पोचू द्या. ही जागा बहुधा एफ-भोकांच्या मधल्या छोट्या खाचांच्या ओळीत येते. तिथे पट्टीची खालची कड फळीपासून किती उंच आहे ते मोजा. २० ते २५ मिलिमीटर आलं तर पुढे जा. घोडीची एकूण उंची या आकड्यापेक्षा साधारण ४ मिलिमीटर जास्त लागते, कारण बाराव्या फ्रेटवर तार २ मिलिमीटर उंच हवी असेल तर घोडीवर ती दुप्पट उंच असते. हा आकडा १५ च्या खाली आला तर घोडीचा पाय, उंची कमी-जास्त करणाऱ्या चाक्या आणि वरचा भाग यांना जागाच उरत नाही. म्हणजे नेक पुढे झुकली आहे, ती जोडातून सोडवून पुन्हा कोनात बसवावी लागेल. ते काम आधी. ते न करता टेलपीस नि घोडीवर पैसे घालणं म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणं.

त्याच वेळी मोबाईलचा कॅमेरा भोकाला लावून आतल्या लांबट पट्ट्या सुटल्या आहेत का पाहा. बोटांच्या गाठींनी फळी ठोकली की सुटलेली पट्टी खडखडते. चिकटवायची तर गरम सरसानंच. पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि एकदा तो लाकडात मुरला की पुढे सरसही धरत नाही.

टेलपीस. हा भाग परदेशातून मागवायची घाई सगळेच करतात, पण तुटलेला तुकडा जवळ असेल तर दुरुस्ती बहुधा इथेच होते. आधी धातू ओळखा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानशीनं हलकं घासा. पिवळं दिसलं तर पितळ. पांढरट-राखाडी दिसलं तर चुंबक लावा : घट्ट चिकटला तर लोखंड, अजिबात ओढला नाही तर बहुधा जस्ताचं ओतकाम. चुंबक घासलेल्या जागीच लावा, कारण निकेलचा मुलामाही चुंबकाला किंचित ओढतो आणि पितळाला लोखंड समजून माणूस फसतो. हे इतकं महत्त्वाचं का? तर तुटलेली बिजागरी चांदीच्या टाक्यानंच जोडायला हवी, आणि तो टाका ६०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो. पितळ नि लोखंड ते सोसतं. जस्ताची मिश्रधातू ४०० अंशांच्या आसपासच वितळते, कारागिराच्या डोळ्यांदेखत भागाचा गोळा होतो. कथलाचं डाग देणं कुणी सुचवलं तर नको म्हणा. सहा तारांची मिळून ओढ साधारण ६० ते ७५ किलो असते, कथील तिथे एक दिवस टिकणार नाही.

पितळ असेल तर गुजरीतल्या सराफ बाजारातला टाका लावणारा चांगला कारागीर हे काम सहज करतो. बिजागरीची पिन नवी करायची तर स्टीलची करून घ्या. टाक्याच्या उष्णतेनं आजूबाजूचा मुलामा जळतो, म्हणून निकेल पुन्हा चढवावं लागेल. हुपरीत चांदीच्या धंद्यामुळे पॉलिश आणि मुलाम्याचं काम करणारी माणसं भरपूर आहेत. दोन गोष्टी त्यांना आधीच सांगा : बफ फार मारू नका, नाहीतर कोरलेली नक्षी पुसट होते, आणि क्रोम चढवू नका. क्रोमची निळसर झाक जुन्या वाद्यावर नव्या स्टीलच्या भांड्यासारखी दिसते. निकेल थोडं पिवळसर, ऊबदार असतं.

जस्ताचा निघाला तर मात्र दुसरा टेलपीस लागेल. मागवताना चार मापं द्या : गिटारीच्या खालच्या कडेपासून घोडीपर्यंतचं अंतर, टेलपीसची लांबी, तीन स्क्रूंच्या भोकांमधली अंतरं, आणि पहिल्या नि सहाव्या तारेच्या खाचांमधलं अंतर. भोकं जुनीच वापरायची. ती ढिली झाली असतील तर शिसवीची किंवा सागाची बारीक काडी सरसात बुडवून ठोका आणि नव्यानं बारीक पायलट भोक पाडा. मोठा स्क्रू आवळणं हा उपाय नाही, आतला ठोकळा फुटतो.

घोडी. इथे मात्र वेळ द्या, कारण आवाज इथून जातो. तुमच्याकडे मूळ पाय आहे हे नशीब समजा, तो फळीच्या फुगवट्याला आधीच बसलेला आहे. त्यातल्या दोन खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. मग आटे. अमेरिकन घोड्यांना बहुधा ६-३२ चे आटे असतात, म्हणजे साडेतीन मिलिमीटर जाडी आणि इंचाला ३२ आटे. जर्मन गिटारीला मिलिमीटरचे आटे असण्याची शक्यता जास्त, उदाहरणार्थ ४ मिलिमीटर जाडी आणि ०.७ चं अंतर. शक्यता म्हणतो, कारण मध्ये कुणी तरी बदललेही असतील. उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडे आट्यांमधलं अंतर तपासायचं पिच गेज असतं, पाय घेऊन जा आणि लावून बघा. साडेतीनच्या खांबावर चारची चाकी दोन दिवस बसल्यासारखी वाटते, मग ताणाखाली आटे खाऊन खाली येते आणि घोडी एका बाजूला कलते.

चाक्या आणि खांब तिथेच पितळात करून घ्या. चाकी १२ ते १४ मिलिमीटर व्यासाची, अडीच-तीन मिलिमीटर जाड, कडेला बारीक दाते पाडलेली. कागदावर रेखाटून, मिलिमीटरमध्ये आकडे लिहून द्या. उद्यमनगरात 'असंच काहीतरी करा' म्हणणारं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही. दोन नगांसाठी लेथ लावायला लोक नाखूश असतात, म्हणून चार करून घ्या. दोन जपून ठेवा.

वरचा लाकडी भाग आबनूस किंवा शिसवीचा. यासाठी मिरजेला जा. सतार-तंबोऱ्याच्या त्या गावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि घोडी हाताला लागल्यावर तिचं काय करायचं हे त्या हातांना शिकवावं लागत नाही. पण एक गोष्ट आधी, ठासून आणि शक्यतो लिहून सांगा : जवारी नको. सतारीच्या घोडीचा माथा रुंद, किंचित उतरता असतो, तार त्यावर घासत सुटते आणि झंकार येतो. गिटारीला तोच दोष ठरतो. इथे तार एका बारीक धारेवर टेकून लगेच सुटली पाहिजे. धार टेलपीसकडे उतरती, माथ्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड, आणि माथ्याची कमान फ्रेटबोर्डच्या कमानीला जुळणारी. फ्रेटबोर्डची कमान जाड पुठ्ठ्यावर कापून बरोबर न्या.

हॉफनरच्या मूळ घोड्यांमध्ये वरच्या भागाला प्रत्येक तारेखाली समांतर खाचा असायच्या आणि त्यात फ्रेटच्या तारेचा छोटा तुकडा बसवलेला असायचा. सूर जुळवण्यासाठी तुकडा पुढच्या-मागच्या खाचेत हलवता येतो. तुमची गिटार हॉफनर निघाली तर तशीच करून घ्यायला हरकत नाही. तयार घोडी मागवत असाल तर एक बघा : काहींच्या वरच्या भागात तिसऱ्या तारेसाठी मागे सरकवलेली पायरी असते. ती साध्या, न गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी असते. आर्चटॉपवर तिसरी तार गुंडाळलेली लावतात. तिच्यासाठी ती पायरी चुकीची, ती तिसरी तार कायम बेसूर राहील.

पाय फळीला बसतो का हे तपासायला पतंगाचा कागद घ्या. पायाखाली कुठेही कागद सरकत गेला तर घासावं लागेल. फळीवर पातळ कागद, त्यावर ८० नंबरचा सँडपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवा. पाय तारांच्या दिशेनं दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे घासा, दाब बरोबर दोन खांबांच्या जागी द्या. मधोमध दाबलं तर तारा चढल्यावर पाय वाकतो आणि कडा उचलल्या जातात. झुलवू नका, नाहीतर तळ गोल होतो. मग १२०, मग २२०. जुना पाय असेल तर ८० ची गरजच पडणार नाही, १२० वर दहा-बारा फेऱ्यांनी भागेल.

जागा ठरवताना झिरो फ्रेटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. समजा ३२० आलं, तर घोडी ६४० वर नाही, पातळ तारेच्या बाजूला ६४२-६४३ आणि जाड तारेच्या बाजूला ६४५ च्या आसपास, म्हणजे थोडी तिरपी. झिरो फ्रेट असताना माप खाचांच्या पट्टीपासून घेतलं तर सगळंच चुकेल. तेव्हा ती पट्टी फक्त तारा जागेवर ठेवते, उंची फ्रेट ठरवतो. म्हणून तिच्या खाचा झिरो फ्रेटच्या माथ्यापेक्षा थोड्या खोल हव्यात. मोकळ्या तारा भणभणत असतील तर दोष बहुधा झिजलेल्या झिरो फ्रेटचा असतो. तो एकच बदलता येतो. नवी तार घेताना माथ्याची रुंदी-उंची आणि लाकडात जाणाऱ्या पात्याची जाडी मोजा. आजची जाड फ्रेटची तार जुन्या अरुंद खाचेत ठोकली की फ्रेटबोर्ड चिरतो.

खुंट्या. घसरणारी खुंटी आधी सोडवा. बऱ्याचदा दाताच्या चाकाचा मधला स्क्रू ढिला असतो किंवा जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एवढ्यात निम्म्या खुंट्या बऱ्या होतात. दात खरंच झिजले असतील तरच बदला.

तीन खुंट्यांची एक पट्टी असेल तर ज्यांवर तारा गुंडाळतात त्या खांबांमधलं अंतर मोजा. अमेरिकन पट्ट्यांवर ते ३५ मिलिमीटर असतं. जर्मन पट्टीत एका मिलिमीटरचा फरक असला तरी तिसऱ्या खांबापर्यंत तो दोन होतो, मग 'थोडं भोक घासू' सुरू होतं. तिथेच थांबा. खांबाचा व्यासही मोजा, नव्या बहुतेक खुंट्यांचा तो ६.३५ असतो. जुनं भोक मोठं आणि नवा खांब बारीक असेल तर पितळेच्या बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या, उद्यमनगरात करून मिळतात. उलट असेल तर ती खुंटीच परत करा.

नुसत्या गुंड्या हव्या असतील तर त्या वेगळ्या मिळतात. जुन्या गुंडीचे अवशेष पक्कडीनं चुरून पूर्ण काढा. त्या सेल्युलॉइडच्या असण्याची शक्यता मोठी आहे आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं, म्हणून काढण्यासाठी उष्णता वापरायची नाही. दांडी स्वच्छ झाल्यावर सोल्डरिंग आयर्ननं ती दांडी तापवा आणि नवी गुंडी सरळ दाबून बसवा. पाच-सहा सेकंदच. तिरकी बसली तर लगेच सरळ करा, थंड झाल्यावर हलत नाही.

आणि त्या वास येणाऱ्या पट्टीचं : ती आज काढा. तेही सेल्युलॉइड आहे आणि सडतंय. त्यातून निघणारा आम्लाचा वायू बंद पेटीत फ्रेट, स्क्रू आणि टेलपीस सगळं खातो. बिजागरी तुटण्यामागेही तोच असू शकतो, तिच्यावर हिरवी पूड दिसते का बघा. पट्टीची बाह्यरेषा कागदावर काढा, स्क्रूंची भोकं खुणावा, फोटो घ्या, आणि पट्टी गिटारीपासून लांब, उघड्या डब्यात, देवघर नि गॅसपासून दूर ठेवा. नवी पट्टी अडीच ते तीन मिलिमीटर ॲक्रिलिकची, नेमप्लेट करणाऱ्यांकडे लेझरनं कापून मिळेल. आकसलेल्या पट्टीची रेषा जशीच्या तशी देऊ नका, फळीवरच्या न उडालेल्या रंगाच्या खुणेवरून मूळ आकार काढा.

आता बाहेरून काय? जस्ताचा निघाला तर टेलपीस, दात झिजले असतील तर खुंट्यांची पट्टी, आणि गुंड्या. बाकी काही नाही. मागवण्यापूर्वी मुंबईत धोबीतलाव-काळबादेवीकडच्या जुन्या वाद्यांच्या दुकानांत एकदा चौकशी करा, जुन्या गिटारींचे काढलेले भाग तिथे कधी कधी खोक्यात पडलेले असतात. परदेशी विक्रेत्याला स्टीलची पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. 'जुन्या जर्मन गिटारीला बसतो' या वाक्यावर पैसे देऊ नका. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नाही, विमा आणि पाठवणीचा खर्च धरून येणाऱ्या रकमेवर लागतं, हे हिशोबात धरा. शिसवीची घोडी परदेशातून मागवण्यात अर्थ नाही. शिसवीच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणयादीत आहेत. तयार वाद्यभागांना पुढे सूट मिळाली असली तरी कस्टममध्ये लाकडावरून वाद घालण्यापेक्षा मिरजेची बस बरी. तारांच्या खाचांची हस्तिदंती पट्टी कुणी देऊ केली तर ती घेणं बेकायदा आहे, हाडाची चालते.

सरसाचं आणि घोडी बसवायचं काम पावसाळ्यात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातलं लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा पतंगाच्या कागदानं पास झालेला पाय मार्चमध्ये कडेला उचललेला सापडतो. दिवाळीनंतर सुरू करा.

तारा पहिल्यांदा ११ च्या (सर्वांत पातळ तार ०.०११ इंच) सेटच्याच चढवा. या काळातल्या बऱ्याच जर्मन नेकमध्ये तिला सरळ ठेवणारा, फिरवायचा ट्रस रॉड नसतो, डोक्यावर छोटं झाकण नसेल तर तुमच्याही नाही असंच समजा. एक-एक तार थोडी थोडी ताणा, सगळ्या एकदम सुरात आणू नका. प्रत्येक वेळी घोडीकडे बाजूनं बघा. खुंट्या पिळल्या की तारा घोडीचा माथा नेककडे ओढतात, ती पुढे झुकते आणि शेवटी आडवी पडते, बहुधा फळीवरच. झुकलेली दिसली तर तारा अर्ध्या सैल करा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी माथा टेलपीसकडे ढकला, मागची बाजू फळीशी काटकोनात आणा आणि मगच पुढचा पीळ द्या. पहिले आठ दिवस हे रोज बघावं लागेल.